ब्रिटिश एलच्या होमब्रू स्पर्धेत बाटली पाठवायची असेल तर

होमब्रू म्हणजे घरी केलेली बिअर आणि एल हा बिअरचा एक प्रकार. स्पर्धेची तारीख कळली की पहिलं काम म्हणजे कॅलेंडर काढायचं आणि तिथून उलटं मोजत यायचं. परीक्षक तुमची बाटली उघडतील त्या दिवशी बिअर कशी लागणार, सगळं त्यावर आहे, तुम्ही ती पहिल्यांदा चाखलीत तेव्हा कितीही भारी लागली असली तरी ते मार्कांत धरत नाहीत. बिटर किंवा माइल्ड या प्रकारची एल करणार असाल तर जजिंगच्या साधारण सहा आठवडे आधी ब्रू करा. दोन आठवडे फर्मेंटरमध्ये म्हणजे आंबवायच्या भांड्यात, दोन आठवडे बाटलीत गॅस धरायला, एक आठवडा थंड जागी, आणि बाटल्या आधी पोचवाव्या लागतात त्याचा एक आठवडा. बार्लीवाइन किंवा ओल्ड एल अशी कडक एल असेल तर सहा महिने ते वर्षभर आधी करावी लागते, तेव्हा ती पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी आत्ताच लावून ठेवा.

हे सगळं मी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितोय. इथे १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर करायला लायसन्स लागत नाही (त्याआधी लागायचं, रेजिनाल्ड मॉडलिंग अर्थमंत्री असताना ती अट काढली), फक्त विकायची नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्या मित्रांनी वाचा जरूर पण करायला घेऊ नका.

आता स्टाइल कुठली निवडायची. पुष्कळ स्पर्धा बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या गाइडलाइन्सवर चालतात, सध्याची आवृत्ती २०२१ ची आहे आणि फुकट मिळते, तर तुमच्या स्टाइलचं पान नुसतं चाळू नका, नीट वाचा, दोनदा वाचा. ऑर्डिनरी बिटर ३.२ ते ३.८ टक्के अल्कोहोल, बेस्ट बिटर ३.८ ते ४.६, स्ट्राँग बिटर ४.६ ते ६.२. डार्क माइल्ड ३ ते ३.८. शिवाय ब्राऊन एल, पोर्टर, ओटमील स्टाउट, स्कॉटिश एल (स्कॉटिशमध्ये पीटचा धूर घालायचा नाही, स्कॉटलंड म्हटलं की लोकांना व्हिस्की आठवते आणि धुरकट माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, टाकतात, तिथेच मार्क जातात). गोल्डन एलमध्ये अमेरिकन किंवा न्यूझीलंडचे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) चालून जातात, पण बिटरमध्ये मला इंग्लिश हॉप्सच हवेत आणि परीक्षकही बहुतेक तेच शोधत असतात.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना इंग्लिश आयपीए (इंडिया पेल एल) पाठवायचा मोह होतो, साहजिक आहे, १८व्या शतकाच्या शेवटी लंडनच्या हॉजसनची पेल एल जहाजातून मुंबई-कलकत्त्याला यायची आणि पुढे इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या ब्रुअरींनी तो धंदा घेतला, आपलं नातं आहे त्या बिअरशी. पण पहिल्यांदा पाठवत असाल तर माझं ऐका, बेस्ट बिटर करा. ऑर्डिनरी बिटर इतकी हलकी असते की एवढासा दोषही लगेच कळतो, आयपीएमध्ये कडूपणाच्या नादात तोल जातो, बेस्ट बिटरमध्ये माल्टला थोडं अंग असतं आणि हॉप्सना जागा असते.

२० लिटरसाठी मी असं करतो. मॅरिस ऑटर पेल माल्ट ३.७ किलो, मध्यम रंगाचा क्रिस्टल माल्ट २५० ग्रॅम, बस. चॉकलेट माल्ट, बिस्किट माल्ट, अजून चार पाकिटं उघडी आहेत म्हणून तीही, असं करू नका, मॅरिस ऑटर ही १९६० च्या दशकात केंब्रिजला तयार झालेली जात, तिच्यातच ब्रेडच्या कडेसारखी, किंचित नटी चव असते आणि ती चाखता आली पाहिजे. ६७ डिग्रीला तासभर मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवायचं, मग ते पाणी गाळून उकळायचं. उकळी आली की ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स ४० ग्रॅम (अल्फा, म्हणजे कडूपणा देणारं आम्ल, ५ टक्के धरलाय, पाकिटावर वेगळा असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा), शेवटची १५ मिनिटं राहिली की अजून २० ग्रॅम आणि सोबत बिअर नितळ करणाऱ्या प्रोटोफ्लॉकची अर्धी गोळी, गॅस बंद केला की आणखी २० ग्रॅम. कडवटपणा ३० आयबीयूच्या (कडूपणाचं माप) आसपास येतो, ओजी (आंबण्याआधीची घनता) १.०४३ आणि नीट आंबली तर एफजी (आंबल्यानंतरची घनता) १.०११, म्हणजे साधारण ४.२ टक्के. गोल्डिंग्जऐवजी फगल वापरलात तर थोडा मातकट, लाकडी वास येतो, तोही छान, दोन्ही मिसळले तरी चालतात.

पाण्याकडे बहुतेक लोक बघतच नाहीत आणि मग बिटर गुळमुळीत का लागते म्हणून हॉप्स वाढवत बसतात. बर्टनची पेल एल गाजली त्यात तिथल्या विहिरींच्या पाण्याचा मोठा हात होता, त्यात जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट भरपूर, त्याने कडवटपणा धारदार आणि कोरडा लागतो. तुमच्या पाण्याची कंपनी पोस्टकोड टाकला की रिपोर्ट देते तो बघा. स्कॉटलंड, वेल्स, मँचेस्टरकडचं पाणी मऊ असतं, तिथे मॅशमध्ये एक-दोन चमचे जिप्सम घातल्यावर फरक लगेच कळतो. लंडनचं पाणी चुन्याचं, तिथे आधी क्षारता कमी करावी लागते. माइल्ड किंवा स्टाउट करत असाल तर उलट, सल्फेट कमी आणि क्लोराइड जास्त ठेवा, गोलाई येते. आणि क्लोरिन मात्र सगळीकडेच घालवायचा, कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरून सगळ्या पाण्यात ढवळली की काम झालं, राहिला तर बिअरला दवाखान्याचा वास येतो आणि तो पुढे कशानेच जात नाही.

यीस्ट इंग्लिशच घ्या. सुकं हवं असेल तर एस-०४, ओलं मिळत असेल तर लंडन ईएसबी प्रकारचं, फळाचा थोडा वास येतो, मार्मलेडकडे झुकणारा, बिटरमध्ये तो हवाच असतो. १८ डिग्रीला टाका, २० च्या वर जाऊ देऊ नका, निदान पहिले तीन-चार दिवस तरी. या यीस्टचा एक स्वभाव आहे, ते पटकन खाली बसतं, म्हणजे बिअर सुरेख नितळते पण कधीकधी काम अर्धवट टाकून बसतं आणि मागे लोण्यासारख्या वासाचं डायअॅसिटिल राहतं. म्हणून फेस खाली यायला लागला की तापमान २१ वर न्या, फर्मेंटर हलकेच एकदा गोल हलवा आणि तीन दिवस तसंच राहू द्या.

डायअॅसिटिल गेलं की नाही हे बघायची एक सोपी पद्धत आहे आणि ती प्रत्येक बॅचला करा, कंटाळा करू नका. दोन ग्लासांत थोडी थोडी बिअर काढा, एक झाकून गार राहू द्या, दुसरा झाकून ६० ते ७० डिग्रीच्या गरम पाण्यात २० मिनिटं ठेवा, मग तोही गार करा आणि दोन्हींचा वास घ्या. गरम केलेल्या ग्लासातून लोणी कढवताना येतो तसा वास आला तर बिअर अजून तयार नाही, आज गार ग्लासात काही नसलं तरी बाटलीत तो वास पुढे येऊ शकतो. दोन-तीन दिवस थांबून परत करा. गाइडलाइन्समध्ये बिटरला अगदी पुसटसं डायअॅसिटिल माफ आहे, पण स्पर्धेत त्या माफीच्या भरवशावर राहू नका.

बाटलीत भरणं हा सगळ्यात नाजूक टप्पा, आणि खरं सांगायचं तर चांगल्या बिअरचे मार्क जातात ते बहुतेक इथेच. एफजी लागोपाठ तीन दिवस तेच आलं पाहिजे, तोपर्यंत भरायचं नाही, साखर शिल्लक असेल तर बाटली फुटू शकते आणि तो खरोखर धोका आहे. ब्रिटिश एल कमी गॅसची असते, लागर किंवा बेल्जियन बिअरच्या सवयीने साखर घालू नका. लिटरला ३.५ ते ४ ग्रॅम साधी साखर, म्हणजे २० लिटरला ७० ते ८० ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून घ्या, बाटल्या भरायच्या बादलीत आधी ते ओता आणि मग त्यावर बिअर नळीने अलगद सोडा, नळीचं टोक तळाला टेकलेलं पाहिजे, खळखळ आवाज आला म्हणजे हवा जातेय. अशा हलक्या बिअरला हवा लागली की दोन-तीन आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखा वास यायला लागतो, हॉप्सचा ताजेपणा तर त्याआधीच जातो. भरण्याची कांडी वापरा, वर दोन-तीन सेंटीमीटर जागा ठेवा, झाकण लगेच दाबा. बाटल्या तपकिरी आणि कोऱ्या, लेबल नाही, झाकणावर नाव-गाव-खूण काही नाही, किती मिलीच्या आणि किती बाटल्या ते नियमांत बघा, साध्या क्राऊन कॅपच्या ३३० किंवा ५०० च्या बाटल्या बहुतेक ठिकाणी चालतात. ओळखीचा कागद रबरबँडने लावायचा, चिकटवायचा नाही.

आता एक गोष्ट जी नवीन लोक हमखास विसरतात. फॉर्मवर स्टाइल टाकायच्या आधी बिअर चाखा. परीक्षकांकडे हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) नसतो, त्यांना तुमची रेसिपी माहीत नसते, त्यांच्यासमोर फक्त ग्लास असतो. तुम्ही बेस्ट बिटर म्हणून केलीत पण अंगाने हलकी आणि कोरडी झाली असेल तर ती ऑर्डिनरी बिटरमध्ये टाका, तिथे शोभेल. पोर्टर करायला गेलात आणि भाजका स्वाद कमी, कॅरमल जास्त आला तर ब्राऊन एल म्हणून पाठवा. यात फसवणूक काही नाही, बिअर जशी आहे तिला योग्य खोलीत बसवायचं. दोन-तीन मित्रांना न सांगता प्यायला द्या आणि कुठली वाटते ते विचारा, शेजारी पबमधून आणलेली चांगली कास्क (पिंपातली) बिटर ठेवा म्हणजे तोल कळतो.

मार्क ५० पैकी असतात, वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५ आणि एकूण छापेला १०. म्हणजे थोडी गढूळ झाली म्हणून रात्र जागवू नका, फार तर मार्क-दोन मार्क जातील, पण वास आणि चव मिळून ३२ आहेत, सगळा जीव तिथे लावा. टेबलावर घडतं काय तर बाटली उघडली की आधी फुस्स आवाज ऐकतात, ओततात, आणि ग्लास हलायच्या आत नाक घालतात कारण पहिले वास चटकन उडून जातात. प्यायच्या आधीच अर्धं मत झालेलं असतं. ३० च्या वर मार्क आले तर पहिल्या खेपेला खूश व्हा, ३८ च्या वर म्हणजे उत्तम.

पाठवताना बाटल्या खोक्यात उभ्या ठेवा, प्रत्येकीला बबल रॅप, मग प्लॅस्टिकची पिशवी, मधल्या फटी घट्ट भरा, खोकं हलवलं तर आतून आवाज यायला नको. कुरिअरचा दारूबद्दलचा नियम आधी वाचा. जवळ असेल तर स्वतः नेऊन द्या, उन्हाळ्यात तर नक्कीच, कारण गरम व्हॅनमध्ये दोन दिवसांत बिअर महिनाभराने म्हातारी होते. नेल्यावर तळाचा गाळ बसायला दोन-चार दिवस मिळतील असं बघा.

आणि दोन बाटल्या घरी राखून ठेवा, थंड जागी, अंधारात. स्कोअरशीट हातात आलं की त्यातली एक १२ डिग्रीच्या आसपास आणून उघडा आणि परीक्षकांनी लिहिलेली एकेक ओळ वाचत चाखा, त्यांनी 'शेवटी कडवटपणा खरखरीत' लिहिलंय तर तो तुम्हाला जाणवतोय का, जाणवत असेल तर जिप्सम जास्त झालं की हॉप्स, ते तिथेच वहीत टिपून ठेवा. दुसरी बाटली महिनाभराने उघडा, पुढच्या वेळी किती आधी ब्रू करायचं ते तिच्यावरून ठरेल.