शॅमेलिऑनच्या पोटात जंत झाले तर काय करायचं

आधीच सांगतो, हे सगळं व्हेल्ड आणि पँथर शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्यांबद्दल आहे, म्हणजे येमेन-सौदीकडचा आणि मादागास्करचा, जे अमेरिका-युरोपात ब्रीडरकडून घेऊन पाळतात. आपल्याकडे झाडाझुडपांत जो हिरवा घोयरा दिसतो तो घरी आणायचा नाही म्हणजे नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, जखमी-बिखमी दिसला तर वनखात्याला फोन करा.

आता मुद्द्यावर येऊ. सरडा दोन दिवस जेवला नाही की लोक थेट जंताचं औषध शोधायला लागतात. अरे पण थांबा, जेवत नाही याची कारणं ढीगभर, लाइट कमी पडतोय, पाणी कमी पडतंय, कात टाकतोय, मादी असेल तर पोटात अंडी असतील. जंतांचा संशय कधी घ्यायचा तर शी पातळ आणि घाण वास मारणारी येतेय, त्यात किड्याचे न पचलेले तुकडे दिसतायत, खाऊनही वजन उतरतंय, डोळे खोल गेलेत. आणि दिवसाढवळ्या डोळे मिटून बसला असेल तर वाट बघत बसू नका, शॅमेलिऑन आजार शेवटपर्यंत लपवतो, तो असा दिसायला लागला म्हणजे बरंच पुढे गेलेलं असतं.

पहिलं काम शी तपासून घेणं. ताजी हवी, २४ तासांच्या आतली, सुकून कडक झालेली नेऊ नका. तपकिरी भाग महत्त्वाचा, पांढरा भाग म्हणजे युरेट, म्हणजे घट्ट झालेली लघवी, त्यात जंत शोधत नाहीत (तो गडद केशरी दिसला तर पाणी कमी पडतंय एवढं मात्र कळतं). ओल्या टिश्यूसोबत झिप बॅगेत घाला, लगेच जाणं होत नसेल तर फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, आणि घरातल्यांना सांगून ठेवा ती पिशवी कसली आहे ते. व्हेट (प्राण्यांचा डॉक्टर) निवडताना तो सरपटणारे प्राणी बघतो का हे आधी फोनवर विचारा, आणि तपासणी दोन्ही पद्धतीने करायला सांगा, डायरेक्ट स्मीअर (शी काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि फ्लोटेशन (शी दाट द्रावणात घालून वर तरंगणारी अंडी बघणं), कारण फ्लॅजेलेट (शेपटीने पोहणारे एकपेशी जीव) हलताना ताज्या स्मीअरमध्ये दिसतात आणि अंडी फ्लोटेशनमध्ये चांगली सापडतात. एकदा निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो असं नसतं, अंडी रोज पडत नाहीत.

रिपोर्टमध्ये काय आलं त्यावर पुढचं सगळं अवलंबून. पिनवर्म (बारीक पांढरे जंत) थोडेसे असतील आणि सरडा खाऊन-पिऊन ठणठणीत असेल तर बरेच व्हेट नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. गोल जंत, हुकवर्म (आतड्याला चिकटणारे जंत) यांना फेनबेंडाझोल, फ्लॅजेलेट वाढले असतील तर मेट्रोनिडाझोल, कॉक्सिडियाला (आतड्यातले एकपेशी परजीवी) पोनाझुरिल किंवा सल्फाचं औषध. म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, कॉक्सिडिया असताना फेनबेंडाझोल पाजून काहीच होणार नाही. व्हेल्डमध्ये सापडणाऱ्या एका कॉक्सिडियाचं नाव आयसोस्पोरा जारासिमरमानी आहे, चेक शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये त्यांच्याकडच्या एका काल्पनिक विनोदी महापुरुषावरून ठेवलं, नाव गमतीचं पण जीव भयंकर चिवट.

डोस व्हेटच ठरवणार, पण आकडे किती बारीक असतात ते बघा. समजा सरडा १२० ग्रॅमचा आणि डोस किलोला ५० मिलिग्रॅम सांगितला, तर झाले ६ मिलिग्रॅम. १० टक्क्यांच्या सस्पेन्शनमध्ये (पातळ औषधात) एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं म्हणजे द्यायचं फक्त ०.०६ मिली, ०.०१ मिलीच्या रेघा असलेल्या १ मिलीच्या सिरिंजवर सहा बारक्या रेघा, बस. दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट डोस गेला, आणि फेनबेंडाझोल जास्त झालं तर रक्तपेशी बनायचं कामच बिघडू शकतं. म्हणून स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या, आजचं वजन व्हेटला सांगा, मागच्या महिन्यातलं नको. शाळेत मुलांना देतात ती ४०० मिलिग्रॅमची जंताची गोळी तोडून द्यायचा विचारही करू नका, लसूण-कडुलिंबही नको.

औषध पाजणं ही दोन माणसांची कामगिरी. बाटली आधी नीट हलवा, औषध तळाशी बसलेलं असतं. एकाने सरड्याला फांदीसकट धरायचं, तो चिडून आ करतोच, तेव्हा गालाच्या आतल्या बाजूला थेंब-थेंब सोडायचं, मधे जिभेवर मारलं तर श्वासनलिकेत जाऊ शकतं. जबडा चमच्याने उघडत बसू नका. फारच वैतागत असेल तर हॉर्नवर्ममध्ये (खायला देतात ती जाड हिरवी अळी) टोचून किंवा डुबिया झुरळाच्या पाठीवर थेंब टाकून खायला द्या, खाणारा असेल तर हे बेस्ट. कोर्स चालू असताना मिस्टिंग (पाण्याचा फवारा) आणि ड्रिपर (थेंब-थेंब पाणी) वाढवा, विशेषतः सल्फा चालू असेल तर, किडनीवर ताण येतो, आणि बास्किंगची (दिव्याखाली शेकायची) जागा नेहमीसारखी गरम ठेवा, गारठलेल्या सरड्याला काही पचत नाही.

आता पिंजरा, आणि खरी मेहनत इथे आहे. औषध पोटातले मारतं पण शीतून पडलेली अंडी पिंजऱ्यातच राहतात, आणि खायला मोकळे सोडलेले क्रिकेट (रातकिडे) ती शी चाटतात, मग सरडा ते क्रिकेट खातो, की पुन्हा तेच चक्र. म्हणून माती, साल सगळं बाहेर, तळाला फक्त पेपर टॉवेल, शी दिसली की त्याच दिवशी उचलायची, किडे मोकळे न सोडता कपात द्यायचे आणि उरलेले संध्याकाळी काढून टाकायचे. कुंडीतली झाडं कोर्सपुरती बाहेर काढा, कॉक्सिडिया असेल तर परत आणूच नका, प्लॅस्टिकच्या वेली लावा ज्या उकळत्या पाण्यात बुडवता येतील. कॉक्सिडियाच्या अंड्यांना ब्लीचने फारसा फरक पडत नाही, तिथे वाफ मारायची, जाळीच्या कोपऱ्यांत जास्त, आणि पिंजरा पूर्ण वाळू द्यायचा. कोणी अमोनिया वापरायला सांगितलं तर सरडा दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या, आणि ब्लीचबरोबर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. हात साबणाने धुवा, आणि हे सामान स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचं नाही, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची भीती असते.

फेनबेंडाझोलचा डोस साधारण दोन आठवड्यांनी परत द्यायला लागतो, कारण सगळी अंडी औषधाने मरतातच असं नाही, उरलेली फुटून नवे जंत तयार झाले की त्यांना गाठायचं असतं. शेवटच्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी शी परत तपासायची, कॉक्सिडिया असेल तर लागोपाठ दोन-तीन रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत पेपर टॉवेलच चालू ठेवा. दुसरा सरडा असेल तर त्याचीही शी पाठवा आणि चिमटे, कप वेगळे ठेवा, नवीन आणलेला असेल तर निदान दोन महिने वेगळ्या खोलीत.