टेस्टिंगचे दिवस आधीच राखून ठेवा

सॉफ्टवेअरच्या कामाला किती दिवस लागतील याचं एस्टिमेट ठरवताना टेस्टरला सोबत बसवा. रिक्वायरमेंट (काय बनवायचं याची यादी) वाचताना ‘हे तपासायचं कसं?’ असं कुणी विचारलं की बरेच गोंधळ कोड लिहिण्याआधीच उघडे पडतात. टेस्टिंगचा अंदाज स्वतंत्र मांडा. त्यात टेस्ट केस लिहिणं, पहिली फेरी, दुरुस्त झालेले बग पुन्हा तपासणं आणि रिग्रेशन (नव्या बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना, हे पाहणं) हे सगळं धरा. पुन्हा तपासण्याचा वेळ बहुतेक प्लॅनमध्ये नसतोच आणि शेवटच्या आठवड्यात सगळी ओढाताण त्याच्यामुळे होते.

रिलीजची तारीख आधी जाहीर करून कामं मागे मागे बसवत आणू नका. माझ्या मते वेळ सर्वांत जास्त इथेच जातो. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८मध्ये सुमारे बावन्न लाख ग्राहकांचा डेटा नव्या प्रणालीवर हलवला. त्याआधीची तारीख हुकल्यावर नवं वेळापत्रक असंच उलटं, शेवटाकडून आखलं होतं आणि टेस्टिंगचे एकामागून एक व्हायचे टप्पे एकमेकांवर चढवले होते. डेटा सेंटर दोन होती, पण लोड टेस्टिंग (खूप लोक एकदम आले तर प्रणाली तग धरते का, ही तपासणी) एकाच सेंटरवर झालं. लोकांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना, आणि घडी पूर्ववत बसायला डिसेंबर उजाडला. २०२२मध्ये नियामकांनी बँकेला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड ठोठावला. म्हणून प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात तिथे, जे जे चालणार आहे, त्या प्रत्येकाची लोड टेस्ट कोणत्या दिवशी होणार हे प्लॅनमध्ये लिहून घ्या.

टेस्ट एन्व्हायर्नमेंट (तपासणीसाठीची वेगळी यंत्रणा) आणि तिथले ॲक्सेस पहिला बिल्ड, म्हणजे तपासायला दिलेली सॉफ्टवेअरची पहिली प्रत, येण्याआधी तयार हवेत. टेस्ट डेटाला पुरेसे दिवस द्या. मराठी नावं घेणारा फॉर्म असेल तर ‘कऱ्हाड’ दोन्ही तऱ्हांनी भरून बघा: एकदा ‘ऱ’ हे सबंध अक्षर म्हणून, एकदा ‘र’ला नुक्ता (खालचा ठिपका) जोडून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, त्यांचे कोड वेगळे आहेत. प्रोग्रॅमने ती एकसारखी करून घेतली नाहीत तर शोधताना अर्धी माणसं हाती लागत नाहीत. असले प्रकार घाईत कुणाला सुचत नाहीत.

कोड फ्रीजची (ज्यानंतर कोडमध्ये नवं काही घालायचं नाही, ती) तारीख क्लायंटलाही कळवा आणि त्यानंतर आलेली मागणी पुढच्या रिलीजला ढकला. रोलबॅकची, म्हणजे बिघडलं तर जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची, रंगीत तालीम करा.

एवढं करूनही डेव्हलपमेंट लांबली, तर फीचर कमी करा, टेस्टिंगचे दिवस कापू नका. पैसे, लॉगिन आणि जुना डेटा यांना हात लावणारं काम सर्वांत आधी तपासा. जे तपासायचं राहिलं, त्याची यादी साइन-ऑफच्या (रिलीजला मंजुरी देण्याच्या) मेलमध्येच लिहा आणि तो धोका पत्करायचा की तारीख पुढे न्यायची, याचं उत्तर निर्णय घेणाऱ्या माणसाकडून लेखी मागा.