एम.एस्सी. गणित-संख्याशास्त्र : विषयांची आखणी चौथ्या सत्रापासून मागे करा

एम.एस्सी.चा प्रवेश पक्का झाला की लगेच ऐच्छिक विषयाचा फॉर्म समोर येतो, आणि मैत्रीण जो पेपर घेते तोच भरून टाकला जातो. हा निर्णय असा उरकण्यासारखा नाही. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांचे ८८ क्रेडिट असतात, प्रत्येक सत्राला २२. पहिल्या तीन सत्रांत अनिवार्य विषयांना १४ आणि ऐच्छिकला ४. उरलेले ४ पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीला, दुसऱ्यात ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) किंवा क्षेत्रीय प्रकल्पाला, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाला. चौथ्या सत्रात अनिवार्य १२, ऐच्छिक ४, प्रकल्प ६. म्हणजे तुमच्या मर्जीचे क्रेडिट १६, आणि त्याशिवाय प्रकल्पाचे १०. एवढ्याच जागेत तुमची दिशा ठरते.

म्हणून आधी चौथ्या सत्रात काय करायचं आहे ते ठरवा आणि तिथून मागे या. कागदावर तो विषय लिहा, त्याच्या खाली तो ज्यावर उभा आहे ते विषय, त्यांच्या खाली त्यांचे आधार. भूमितीकडे जायचं असेल तर डिफरन्शियल जॉमेट्रीच्या खाली अनेक चलांचं कॅल्क्युलस येतं, विशेषतः इन्व्हर्स आणि इम्प्लिसिट फंक्शन प्रमेयं. ही दोन प्रमेयं सत्राच्या शेवटी घाईत शिकवली जातात, इंटर्नलला येत नाहीत, म्हणून सुटतात. मग पृष्ठभागाची व्याख्याच हाताला लागत नाही. गॅल्वा सिद्धान्ताच्या खाली क्वोशंट रिंग आणि इर्रिड्युसिबल बहुपदी. फंक्शनल अ‍ॅनालिसिसच्या खाली मेट्रिक स्पेस, बेअरचं कॅटेगरी प्रमेय आणि लेबेगचं संकलन (इंटिग्रेशन). काही विभागांत लेबेग आणि फंक्शनल अ‍ॅनालिसिस एकाच सत्रात असतात. तसं असेल तर होल्डर आणि मिन्कोव्स्कीच्या असमानता आधी श्रेढींच्या अवकाशांसाठी सिद्ध करून घ्या. तिथे मेजर थिअरीची (मापन सिद्धान्ताची) गरजच पडत नाही, आणि फलनांची पाळी येते तेव्हा सिद्धतेचा सांगाडा ओळखीचा झालेला असतो.

संख्याशास्त्राच्या मुलांची अडचण वेगळी. बी.एस्सी.त वितरणं, चाचण्या, रिग्रेशन भरपूर झालेलं असतं, पण रिअल अ‍ॅनालिसिस कच्चं राहिलेलं असतं. पहिल्या सत्रात ते ‘गणिताचा पेपर’ म्हणून पास होण्यापुरतं केलं जातं आणि त्याची किंमत पुढे दोनदा मोजावी लागते. एकदा प्रॉबॅबिलिटी थिअरीत, जिथे अभिसरणाचे चार प्रकार वेगळे करता येत नाहीत. दुसऱ्यांदा इन्फरन्समध्ये: क्रॅमर-राव असमानतेच्या अटींत संकलनाच्या आत डिफरन्शिएट करण्याची मुभा लागते, आणि ती सहसा डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स प्रमेयातून मिळते. हे माहीत नसलं की त्या अटी नुसत्या पाठ होतात, आणि (०, थीटा) वरच्या युनिफॉर्म वितरणाला ती असमानता का लावता येत नाही हे सांगता येत नाही.

लिनिअर मॉडेल्सचंही तसंच. डिझाइन मॅट्रिक्सचा रँक पूर्ण नसेल तर साधा व्यस्त काढता येत नाही, म्हणून जनरलाइज्ड इन्व्हर्स आणि एस्टिमेबल फंक्शन्स येतात. प्रोजेक्शन मॅट्रिक्स, क्वाड्रॅटिक फॉर्म आणि त्यांचा रँक पक्का असेल तर कॉक्रनचं प्रमेय आणि त्यानंतरचं सगळं अ‍ॅनोव्हा सरळ वाचता येतं. मल्टिव्हेरिएट याच्या नंतरच घ्या. स्टोकॅस्टिक प्रोसेसला मात्र कंडिशनल एक्स्पेक्टेशन नीट आलं पाहिजे. तेवढ्यावर मार्कोव्ह साखळ्यांपर्यंत मजेत जाता येतं.

आता वेळेचा हिशोब. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. सत्रात १८ क्रेडिट थिअरी आणि ४ प्रॅक्टिकल असतील, तर १५ आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला १८ आणि ८ मिळून २६ तास वर्गात जातात. प्रत्येक थिअरी तासाला घरी दोन तास द्यायचे म्हटलं तर आणखी ३६, एकूण ६२. लोकलने किंवा एसटीने रोज येणाऱ्याला हे जमणार नाही. त्यापेक्षा सत्रात दोनच जड पेपर ठरवा. त्यांच्या ८ क्रेडिटना दुप्पट म्हणजे १६ तास, बाकी १० क्रेडिटना तेवढेच १०. एकूण ५२ होतात आणि ते निभतात. अ‍ॅनालिसिस, मेजर थिअरी आणि अल्जिब्रा असे तीन जड पेपर अनिवार्यमध्येच आले असतील, तर त्या सत्राचा ऐच्छिक विषय हलका घेण्यात कमीपणा नाही. फक्त ‘स्कोअरिंग’ आहे म्हणून चारही सत्रांत हलकेच विषय घेतले, तर मुलाखतीत गुणपत्रिका पाहणाऱ्याला ते लगेच दिसतं.

अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये सहा-सात ऐच्छिक विषय छापलेले असले तरी चालतात एक-दोनच, कारण शिकवणारे प्राध्यापक आणि पुरेशी मुलं दोन्ही लागतात. मागच्या दोन वर्षांत खरोखर कोणते पेपर चालले हे सीनियर मुलांना विचारा. हवा तो विषय नसेल तर ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर शोधा, पण नोंदणीआधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या. तिथला एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा) १२ आठवड्यांचा कोर्स सहसा ३ क्रेडिटचा धरला जातो, आणि तुमचा पेपर ४ चा असतो. उरलेल्या एका क्रेडिटचं काय, हे आधी ठरलं नाही तर निकालाच्या वेळी सगळं अडतं.

प्रकल्पाचा मार्गदर्शक दुसरं सत्र संपण्याआधी ठरवा, म्हणजे तिसऱ्या सत्राचा ऐच्छिक विषय प्रकल्पाला पूरक घेता येईल. गणितात एखादं मोठं प्रमेय सगळ्या पूर्वतयारीसह स्वतः लिहून काढणं हा उत्तम प्रकल्प आहे. संख्याशास्त्रात डेटा हातात आल्याशिवाय शीर्षक नोंदवू नका. रुग्णालयातला डेटा हवा असेल तर एथिक्स समितीची मंजुरी लागते, आणि तिची वाट पाहण्यात सत्र निघून जातं. आर किंवा पायथन पहिल्या सत्रापासून हाताशी ठेवा. प्रकल्पाच्या वेळी भाषा शिकायला बसलं की विश्लेषणाला वेळच उरत नाही.

नेट (प्राध्यापकपद आणि संशोधन शिष्यवृत्तीसाठीची पात्रता परीक्षा) द्यायची असेल तर तिच्या रचनेकडे पाहून निवड करा. सीएसआयआरच्या गणितीय विज्ञान पेपरात २०० पैकी ९५ गुण भाग क चे: ६० प्रश्नांतले २० सोडवायचे, प्रत्येकी ४.७५. इथे उणे गुण नाहीत, पण एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात. अर्धवट माहितीला शून्य. त्यामुळे सगळा अभ्यासक्रम वरवर करण्यापेक्षा युनिट १ म्हणजे अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा पूर्ण खोलवर करावं. ते गणित आणि संख्याशास्त्र दोघांनाही लागतं. त्याच्या जोडीला गणितवाल्यांनी युनिट २ आणि ३ मधले आपण पेपर म्हणून घेतलेले विषय धरावेत, संख्याशास्त्रवाल्यांनी युनिट ४. गेट या दुसऱ्या राष्ट्रीय परीक्षेत २०१९पासून संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे. तो फेब्रुवारीत, ऐन प्रकल्पाच्या दिवसांत येतो, म्हणून त्याची उजळणी तिसऱ्या सत्राच्या सुट्टीतच संपवा.