कुंडीतल्या मातीत शिसं-कॅडमियम आहे का, कसं ओळखावं आणि काय करावं

मुंबईत गच्चीवर किंवा चाळीमागच्या पट्ट्यात भाजी लावणारे बहुतेक जण पानांच्या तजेल्यावरून माती चांगली की वाईट ते ठरवतात. जड धातूंच्या बाबतीत इथेच फसगत होते. पालक, लाल माठ, मेथी या भाज्या कॅडमियम सहज वर ओढतात आणि पान पिवळं पडण्याच्या आधीच ते पानात साठलेलं असतं. शिसं मात्र बहुतांशी मातीत आणि मुळांतच अडकतं, पानावर येतं ते मुख्यतः धुळीतून आणि पावसाच्या शिंतोड्यांतून. म्हणून भाजी नीट धुतली की शिसं बरंच कमी होतं. कॅडमियम धुऊन जात नाही आणि उकडूनही जात नाही.

कॅडमियम मुळांत शिरतं ते लोह-जस्ताच्या वाटेनं. परिणामी झाडाला लोह कमी पडतं आणि कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असं चित्र दिसतं. जस्त, तांबं किंवा निकेल जास्त झालं तरी हेच होतं. पण खरं नुकसान मातीखाली असतं: मुळं आखूड, जाडसर, तपकिरी टोकांची, तंतुमुळं जवळपास नाहीतच. अशा झाडाला पाणी असूनही दुपारी ते मान टाकतं. इथे युरिया किंवा अमोनियम सल्फेट देणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण ही खतं माती आंबट करतात आणि आंबट मातीत कॅडमियम आणखी सुटं होतं.

म्हणून आधी सामू (पीएच, म्हणजे माती किती आंबट आहे ते) मोजा. २० ग्रॅम कोरडी माती ५० मिली डिस्टिल्ड पाण्यात घाला, अर्धा तास अधूनमधून ढवळा, निवळू द्या आणि वरच्या पाण्यात पीएच पट्टी बुडवा. नर्सरीतून गोणीनं येणारी जांभ्याची लाल माती मुळातच आंबट असते, त्यात चार महिन्यांचा पाऊस तिच्यातला चुना धुऊन नेतो. सामू ६.५ च्या खाली असेल तर १० किलो मातीला २० ग्रॅम चुनखडीची पूड मिसळा, ओलावा ठेवा, तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा. लक्ष्य ६.५ ते ७. पानाचा चुना वापरू नका, मुळं जळतात. सोबत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मातीच्या पाव भागाइतकं घाला. सेंद्रिय पदार्थ धातूंना धरून ठेवतो.

मुळांची चाचणी घरीच होते. संशयित माती आणि खात्रीची माती अशा दोन कुंड्यांत २०-२० मेथीदाणे पेरा. सातव्या दिवशी रोपं अलगद उपटून धुवा, मुळं मोजा. संशयित मातीतली मुळं निम्म्याहून आखूड असतील तर काहीतरी बिघडलेलं आहे. मात्र क्षारांनी आणि अतिआंबट मातीनंही मुळं खुरटतात, त्यामुळे कुंडी दोन-तीनदा भरपूर पाण्यानं निथळवून, सामू सुधारून चाचणी पुन्हा करा. मुळं लांब आली म्हणून माती स्वच्छ ठरत नाही, हेही तितकंच खरं. थोडं कॅडमियम या चाचणीत दिसत नाही.

खात्री प्रयोगशाळेतच होते. मृदा आरोग्य पत्रिकेच्या (सरकारी माती तपासणीच्या अहवालाच्या) १२ घटकांत जस्त, तांबं असतं, शिसं-कॅडमियम नसतं, म्हणून एकूण शिसं, कॅडमियम, क्रोमियम आणि निकेल वेगळं सांगून मागा. ८-१० जागांवरून १५ सेंमी खोलीपर्यंतची माती घ्या, मिसळून अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा. खुरपं जस्ताचा मुलामा दिलेलं नको, नाहीतर आकडे बिघडतील.

धातू येतात कुठून, तेही पाहा. रंग खरवडलेल्या जुन्या भिंतीखालची माती (घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासूनच लागू झाली), नाल्याचं पाणी, पूर्वी रसायन भरलेले निळे ड्रम, टायरच्या कुंड्या (रबरातलं जस्त), रासायनिक रंगाच्या मूर्तीची विसर्जनानंतरची माती. सोसायटीच्या बोअरचं खारट पाणीही टाळा. त्यात कॅडमियम फारसं नसलं तरी त्यातलं क्लोराइड मातीतलं कॅडमियम सुटं करून झाडाकडे ढकलतं. त्याच कारणानं पोटॅशसाठी म्युरिएट ऑफ पोटॅशऐवजी (ते क्लोराइडच असतं) सल्फेट ऑफ पोटॅश घ्या.

अहवालात आकडे जास्त आले तर त्या जागी पालेभाजी आणि मुळा-गाजर बंद. फळभाज्यांत, म्हणजे दोडका, पडवळ, टोमॅटोत, धातू पानांपेक्षा कमी पोचतात, पण खूप दूषित मातीत त्याही नकोत. त्यापेक्षा ३० सेंमी उंचीचा वाफा स्वच्छ मातीनं भरून घ्या, तळाशी जाड जिओ-कापड (पाणी झिरपू देणारं, माती अडवणारं कृत्रिम कापड) अंथरा. मोहरी किंवा सूर्यफूल लावून माती साफ करायला अनेक वर्षं लागतात. तशी झाडं लावलीच तर ती कंपोस्टात टाकू नका, नाहीतर उचललेला धातू पुन्हा कुंडीतच येईल. काढलेली माती नाल्यात नको, जास्वंद-क्रोटनच्या कुंड्यांत वापरा आणि वर पालापाचोळा पसरून धूळ बसवा.