भाड्याने देण्यासाठी घर घेताय? कराराची मुदत सांभाळा

‘भाड्यातून हप्ता फिटतो’ या सल्ल्यावर विसंबून मुंबईत गुंतवणुकीची सदनिका घेऊ नये. ७५ लाखांच्या कर्जावर ८.५ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारे ६५ हजार रुपये येतो. १ कोटीच्या घराला एवढे भाडे सहसा मिळत नाही. मुद्रांक शुल्काचे ६ टक्के आणि नोंदणीचे ३० हजार रुपयेही स्वतःच्या गाठीला असावे लागतात. हप्ता आणि भाडे यांतील तूट दरमहा पगारातून भरून निघत असेल, तरच पुढे जावे.

भाडेकरूची ओळखपत्रे पाहून पोलीस ठाण्यात माहिती द्यावी आणि सोसायटीला कळवावे. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क तिला सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही.

खरा कस लागतो तो लिव्ह अँड लायसन्स करारात, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याच्या करारात, आणि मलाही सर्वाधिक त्रास येथेच झाला. अकरा महिन्यांचा नोटरी केलेला कागद पुरतो, असे दलाल आजही बिनदिक्कत सांगतात. ते साफ चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर वाद उद्भवल्यावर अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हा धोका टाळण्याचा खर्च किती, तेही पाहावे. दरमहा ४० हजार भाड्याने २४ महिन्यांचे ९ लाख ६० हजार होतात. २ लाख अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज ४० हजार. एकूण १० लाखांवर ०.२५ टक्के म्हणजे २,५०० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी शुल्क. नोंदणी ऑनलाइन होते.

करार संपण्याची तारीख मात्र डोळ्यांत तेल घालून जपावी. ‘मुलांची परीक्षा होईपर्यंत राहू द्या’ ही विनंती रास्त असते, आणि ती मान्यही करावी. परंतु तोंडी नव्हे, तर मुदत संपण्यापूर्वी तेवढ्याच महिन्यांचा नवा नोंदणीकृत करार करून. मुदतीनंतरही भाडेकरू घर सोडत नसेल, तर याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि करारातील भाड्याच्या दुप्पट भरपाई मागता येते. मुदत उलटल्यावर नेहमीचे भाडे मुकाट्याने स्वीकारत राहिल्यास हाच दावा कमकुवत होतो, म्हणून नवा करार झाल्याशिवाय ‘भाडे’ म्हणून एक रुपयाही घेऊ नये. पुढे राहायचे की घर सोडायचे, हे भाडेकरूला दोन महिने आधीच लेखी विचारून ठेवावे.

प्राप्तिकर विवरणपत्रात पालिकेचा भरलेला मालमत्ता कर भाड्यातून वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट घ्यावी. कर्जाचे व्याज त्यानंतर वजा होते.