टेकडीवरचं संगीतगृह : उंची जमिनीखाली शोधताना

टेकडीच्या माथ्यावर संगीतगृह आणि सांस्कृतिक केंद्र उभारायचं, असा विषय हाती आला की सगळेच आधी छप्पर काढायला बसतात. मीही बसले होते. पदवी घेऊन दोन वर्षं झाली होती, इमारतीच्या आराखड्याच्या एका खुल्या स्पर्धेसाठी आमची पाच जणांची टीम होती, आणि पहिले पाच आठवडे माझ्याकडे एकच काम होतं : चारही बाजूंनी, खालच्या रस्त्यांवरून वर पाहिलं तर इमारत कशी दिसेल ते ठरवणं. थर्माकोलची अकरा मॉडेल्स झाली. त्यातलं सगळ्यात बुटकं, माथ्याच्या वळणाला बिलगून बसलेलं मॉडेल आम्ही पक्कं केलं. स्पर्धेत उंचीची अट कडक होती, ती त्यात नीट पाळली गेली होती.

सहाव्या आठवड्यात अकूस्टिक सल्लागार, म्हणजे सभागृहातल्या आवाजाचे जाणकार, आले. त्यांनी मॉडेल हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आत हवा किती आहे?"

ते सभागृहाच्या घनफळाबद्दल विचारत होते. आमच्यापैकी कोणीही ते मोजलं नव्हतं.

या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, म्हणून तो हिशेब इथे पूर्ण मांडते. टाळी वाजवली की आवाज लगेच मरत नाही, भिंतींवर आपटत हळूहळू विरतो. तो ६० डेसिबलने उतरायला जितका वेळ लागतो त्याला निनादकाळ म्हणतात. वॉलेस सॅबिन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात हार्वर्डच्या एका खराब व्याख्यानगृहात, रात्रीच्या शांततेत, जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडत आणि काढत हा नियम शोधला. सेकंदांतला निनादकाळ म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले आतल्या सगळ्या पृष्ठभागांचं एकूण शोषण, म्हणजे ते आवाज किती गिळतात ते. १९०० मध्ये उघडलेलं बॉस्टनचं सिंफनी हॉल याच अभ्यासाच्या आधारावर बांधलं गेलं आणि आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणलं जातं.

वाद्यवृंदाला साधारण दोन सेकंदांचा निनाद लागतो. त्यासाठी दर श्रोत्यामागे सुमारे १० घनमीटर जागा धरतात, म्हणजे २००० श्रोत्यांना २०,००० घनमीटर. सूत्रात घातलं तर शोषण १६१० चौरस मीटर येतं. शोषणाचा मोठा वाटा माणसं आणि खुर्च्या उचलतात, त्यामुळे तो फारसा कमी करता येत नाही. आमच्या बुटक्या छपराखाली जेमतेम १४,००० घनमीटर बसत होते. निनादकाळ आला १.४ सेकंद. भाषणाला एक सेकंद पुरतो, चेंबर संगीत (मोजक्या वादकांचं) दीड सेकंदाच्या आसपास छान वाजतं, पण मोठा वाद्यवृंद १.४ सेकंदांत कोरडा वाटतो. व्हायोलिनचे सूर एकमेकांत मिसळायच्या आतच संपतात.

छप्पर वर नेता येत नव्हतं आणि श्रोते कमी करायला आयोजक तयार नव्हते. खुर्च्यांच्या हट्टापायी काय होतं याचं उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथलं फिलहार्मोनिक हॉल मुळात २४०० खुर्च्यांचं ठरलं होतं, ते वाढवून २६०० च्या वर नेलं गेलं. १९६२ मध्ये ते उघडलं तेव्हापासून आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या, १९७६ मध्ये आतलं सगळं पाडून नव्याने करावं लागलं, आणि २०२२ मध्ये पुन्हा एकदा.

आम्हाला एकच वाट उरली, ती म्हणजे खाली जाण्याची. हवी असलेली उंची टेकडीच्या पोटातून घ्यायची. मला या कामातून सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं ते हेच : टेकडीवरचं सभागृह प्लॅनने किंवा दर्शनी भागाने सुरू करू नका, सेक्शनने, म्हणजे उभ्या छेदाने, करा. टेकडीचा उभा छेद एका लांब कागदावर काढा, त्यात २०,००० घनमीटरचा रिकामा डबा कापून ठेवा आणि तो वर-खाली सरकवत बसा. मी पाच आठवडे आधी हे केलं असतं तर अकरा मॉडेल्स वाया गेली नसती.

डबा खाली सरकला आणि कितीतरी गोष्टी आपोआप जागेवर आल्या, त्या पाहताना मला झालेला आनंद अजून आठवतो. रंगमंच माथ्यापासून १५ मीटर खाली गेला. त्याच पातळीला मागच्या उतारावर रस्ता काढता आला, म्हणजे ट्रक थेट रंगमंचाला लागू शकले. कॉन्सर्ट ग्रँड पियानो जवळपास ५०० किलोचा असतो. तो लिफ्टने रोज वर-खाली करायचा विचार कोणत्याही रंगमंच व्यवस्थापकाला आवडत नाही. श्रोते वरून, कलाकार आणि सामान मागून, दोन्ही वाटा वेगळ्या. सपाट जमिनीवर हे साधायला मोठा रॅम्प किंवा तळघर लागतं. उतार ते फुकट देतो.

दुसरा फायदा शांततेचा. चांगल्या संगीतगृहात रिकाम्या वेळी इतकी शांतता लागते की शेजारच्याचा श्वास ऐकू यावा. टेकडीच्या माथ्यावर वारा खालच्यापेक्षा जास्त वेगाने वाहतो, कारण उतारावरून चढताना तो दाटतो. कठड्यांवर, जाळ्यांवर, काचेच्या सांध्यांवर तो शीळ घालतो. पाऊस थेट छपरावर कोसळतो. माती आणि खडक बाजूंनी असले की निम्मी लढाई जिंकली जाते. उरलेल्या छपराला काँक्रीटचे दोन थर आणि मध्ये पोकळी द्यावी लागते. हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहात तर मुख्य सभागृहाचं पूर्ण कवच ३६२ स्प्रिंगांच्या संचांवर बाकीच्या इमारतीपासून तोडून ठेवलं आहे, कारण शेजारी बंदर आहे. वातानुकूलनाचा आवाजही विसरू नका. हवा खुर्च्यांच्या खालून अगदी सावकाश सोडायची, म्हणजे हवा वाहून नेणारे डक्ट मोठे लागतात, आणि त्यांची जागा पहिल्याच दिवशी राखून ठेवावी लागते. आम्ही ती तिसऱ्या महिन्यात शोधायला लागलो आणि त्यापायी ग्रंथालयाचा एक कोपरा गेला.

खाली जाण्याची किंमतही आहे. बोअर घेतल्याशिवाय, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून आतले थर पाहिल्याशिवाय, काहीही ठरवू नका. माथ्यावर मऊ माती, खाली विरलेला खडक, मध्ये कुठेतरी पाणी मुरत असलेला थर, असं बहुतेक टेकड्यांत सापडतं. माती अडवून धरणाऱ्या भिंतीमागे (रिटेनिंग वॉल) पाणी साचलं तर भिंतीवरचा दाब प्रचंड वाढतो, म्हणून निचऱ्याचे पाइप आणि भिंतीतली भोकं हा चित्रातला किरकोळ तपशील नाही. आणि आग लागली तर श्रोत्यांना वरच्या दिशेने बाहेर पडावं लागतं. धूरही वरच जातो. धूर बाहेर काढायचे झरोके आणि न चढता थेट उतारावर बाहेर नेणारे दरवाजे हे आमच्या सेक्शनमध्ये सगळ्यात जास्त वेळा खोडून काढलेले भाग होते.

आता चढणीबद्दल. व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार बहुतेक नियमांत १:१२ पेक्षा तीव्र चालत नाही. चढ २४ मीटर असेल तर नुसता उतारच २८८ मीटर लांब होतो, वर सपाट विसावे वेगळे. म्हणून लिफ्ट हवीच. पण हिशेब करा : खेपेला २० माणसं आणि २ मिनिटं धरली, तर २००० माणसं एका लिफ्टने उतरायला २०० मिनिटं लागतात. कार्यक्रम संपला की सगळे एकदम निघतात. चार लिफ्ट, रुंद पायऱ्या, उजेड असलेली वळणाची वाट, या सगळ्यांनी मिळून गर्दी वाहून न्यावी लागते.

आणि ती चढण कंटाळवाणी असू नये. एल्बफिलहार्मोनीत ८२ मीटर लांबीचा सरकता जिना किंचित वक्र आहे. खालून वरचं टोक दिसत नाही. उत्सुकता वाढत जाते, आणि मग ३७ मीटर उंचीवरचा चौक एकदम उघडतो. जर्मनीतल्या बायरॉइटला १८७६ पासून टेकडीवर नाट्यगृह उभं आहे. तिथे आवारात फिरणाऱ्या प्रेक्षकांना आत बोलवायला सज्जातून पितळी वाद्यं वाजवतात : १५ मिनिटं आधी एकदा, १० मिनिटं आधी दोनदा, ५ मिनिटं आधी तीनदा. टेकडीवर माणसं सभागृहाइतकीच बाहेरही रमतात, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

ते आम्ही सुरुवातीला धरलं नव्हतं. टेकडी रिकामी कधीच नसते. सकाळी तिथे लोक चालतात, संध्याकाळी मुलं खेळतात, एखाद्या झाडाखालची जागा कुणाची तरी वर्षानुवर्षांची असते. जनसुनावणीत एका वयस्कर बाईंनी विचारलं की त्यांचा बाक कुठे जाणार. आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं. परत येऊन आम्ही छपराची गच्ची कार्यक्रम नसतानाही सगळ्यांना खुली ठेवली, वाट माथ्यावरून तशीच पुढे नेली, आणि छोटं सभागृह, तालमीच्या खोल्या, ग्रंथालय त्या वाटेला लागून बसवलं. सांस्कृतिक केंद्र हा शब्द माझ्यासाठी तेव्हा खरा झाला. दिवसा तिथे येणारा माणूस तिकीट काढून येत नाही.

आमची एंट्री दुसऱ्या फेरीपर्यंत गेली, पुढे नाही. परीक्षकांनी मागच्या रस्त्याचा उतार ट्रकला जास्त आहे असं लिहिलं. मी नंतर मोजलं. त्यांचं बरोबर होतं.

यात उतरायचं असेल तर सॉफ्टवेअर शिकण्याआधी ऐकायला जा. एकच कार्यक्रम पहिल्या रांगेतून, बाजूच्या भिंतीजवळून आणि शेवटच्या बाल्कनीतून, तीन वेगळ्या दिवशी ऐका. रिकाम्या सभागृहात परवानगी काढून टाळी वाजवा आणि सेकंद मोजा. माझ्या वहीत अशा तेवीस जागा आहेत. प्रत्येकीपुढे खुर्चीचा क्रमांक, छताची अंदाजे उंची आणि कार्यक्रम संपल्यावर बाहेर पडायला लागलेली मिनिटं लिहिली आहेत.