लढाऊ भोवऱ्यांचा आखाडा कसा बांधावा आणि बाद कधी ठरवावे

लढाऊ भोवऱ्यांची स्पर्धा भरवणारे बहुतेक जण भोवरे निवडण्यात वेळ घालवतात आणि आखाडा मात्र हाताशी येईल तो वापरतात. वास्तविक कोणता भोवरा टिकणार हे बऱ्याच अंशी आखाडाच ठरवतो. म्हणून उतार, कडेची उंची, बाहेर पडण्याच्या वाटा आणि त्या वाटांना द्यायचे गुण या गोष्टी एकाच वेळी विचारात घ्याव्यात. एक ठरवून दुसरी मागाहून जोडली की खेळ हमखास एका बाजूला झुकतो.

सुरुवात साध्या आखाड्यापासून करणे उत्तम, आणि त्यासाठी जपानमधील बेइगोमाइतका चांगला आदर्श नाही. बेइगोमा म्हणजे ओतीव लोखंडाचा लहान, चपटा भोवरा. तो दोरी गुंडाळून सोडतात. पूर्वी ‘बाई’ नावाच्या समुद्री गोगलगायीच्या शंखात वाळू भरून आणि तोंड मेणाने बंद करून असा भोवरा करत, त्यावरून हे नाव आले. सायतामा प्रांतातील कावागुची हे ओतकामाचे शहर या भोवऱ्यांसाठी आजही ओळखले जाते. आपल्याकडे भोवऱ्याचे रिंगण सपाट जमिनीवर आखतात. बेइगोमाचा आखाडा मात्र पिंपाच्या किंवा बादलीच्या तोंडावर ताणलेल्या जाड कापडाचा असतो. त्याला ‘तोको’ म्हणतात, आणि त्यावरून खाली फेकला गेलेला भोवरा हरतो.

तोको घरी करण्यासाठी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर तोंडाची मजबूत बादली घ्यावी आणि ती हलू नये म्हणून तळाशी वाळू भरावी. सुमारे ७० सेंटिमीटर लांबी-रुंदीचे जाड सुती कॅनव्हास ओले करून तोंडावर पसरावे, काठाखाली दोरीचे दोन-तीन वेढे घेऊन घट्ट आवळावे आणि दोरीखालचे कापड चारही बाजूंनी ओढून वरच्या सुरकुत्या काढाव्यात. मग मध्यभागी तळव्याने दाबून दोन-तीन सेंटिमीटरचा खोलगटपणा आणावा. कापड फार ताठ राहिले तर भोवरे भरकटून आपोआप खाली पडतात. फार सैल राहिले तर दोन्ही भोवरे मध्यभागी एकमेकांना घासत थांबतात आणि कोणीच बाहेर जात नाही. योग्य ताण ओळखण्यासाठी एकच भोवरा काठाजवळ हलकेच सोडून पाहावा. तो काही फेऱ्या घेत हळूहळू मध्यभागी आला, तर आखाडा जमला असे समजावे. सरळ घसरत आत गेला, तर खोली कमी करावी.

प्लास्टिकच्या बेब्लेडसाठी आखाडा बनवताना विचार थोडा वेगळा करावा लागतो. १९९९ मध्ये जपानच्या ताकारा कंपनीने बाजारात आणलेल्या या भोवऱ्याची टोके बदलता येतात: सपाट टोकाचा भोवरा उतारावर वेगाने घेरे घेत धडका देतो, तर अणकुचीदार टोकाचा मध्यभागी स्थिर राहून प्रतिस्पर्धी दमण्याची वाट पाहतो. कडेला वाटा फार ठेवल्या तर धडक देणारा भोवरा स्वतःच्याच वेगाने बाहेर जातो. अगदी कमी ठेवल्या तर त्याची धडक वाया जाते. दोन्ही परिस्थितींत जिंकतो तो शांत उभा राहणारा, आणि हे टाळणे हेच आखाडा बनवणाऱ्याचे खरे काम आहे. भोवऱ्याच्या व्यासाच्या दीडपट रुंदीच्या दोन-तीन वाटा ठेवून उरलेली कड उंच ठेवावी, असे मी सुचवेन.

२०२३ मध्ये आलेल्या बेब्लेड एक्सच्या आखाड्यात या प्रश्नाचे उत्तर फार विचारपूर्वक दिले आहे. कडेने दातेरी पट्टी असते. भोवऱ्याच्या टोकावरील दाते तिच्यात अडकले की तो एकाएकी वेग घेतो. बाहेर पडण्याच्या तीन वाटा एकाच बाजूला आहेत. प्रतिस्पर्ध्याला मधल्या वाटेने घालवल्यास ३ गुण, बाजूच्या वाटांनी घालवल्यास २, त्याचे भाग सुटे झाल्यास २ आणि तो आधी थांबल्यास १ गुण मिळतो. आधी ४ गुण मिळवणारा जिंकतो. धडक देणाऱ्याने पत्करलेल्या जोखमीचा मोबदला असा गुणांतून मिळतो. तोकोवर मात्र सगळीच कड मोकळी असल्यामुळे बाहेर फेकल्याचे २ आणि थांबल्याचा १ एवढी विभागणी पुरते.

बाद कधी, याची व्याख्या पहिल्या लढतीआधी सर्वांसमोर वाचून दाखवावी. भोवरा जमिनीला किंवा बाहेरच्या खोबणीच्या तळाला टेकला म्हणजेच तो बाहेर गेला. काठावर अडखळून परत आत आलेला भोवरा खेळात आहे. काठावरच अडकून थांबला तर तो थांबल्याचा निकाल द्यावा. दोघे एकाच वेळी पडले तर कोणालाही गुण न देता पुन्हा सोडायला सांगावे. सुटा झालेला भोवरा नंतर बाहेरही पडला, तर जे आधी घडले त्याचेच गुण धरावेत. फिरण्याच्या दिशेकडेही पंचांचे लक्ष हवे: एकाच दिशेने फिरणाऱ्या भोवऱ्यांच्या कडा टेकताना एकमेकींविरुद्ध जातात, म्हणून धक्का जोराचा बसतो आणि निकाल क्षणात लागतो, विरुद्ध दिशेने फिरणारे एकमेकांचा वेग वाटून घेत बराच वेळ चालतात. यासाठी समोरासमोर दोन पंच बसवावेत आणि शक्य असल्यास मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करावे.

लोखंडी भोवरा तोकोवरून जोरात उडतो, त्यामुळे कोणीही आखाड्यावर चेहरा झुकवू नये आणि लहान मुलांना एक-दोन पावले मागे उभे करावे. चार-पाच लढतींनंतर कापड पुन्हा ओले करून दोरी आवळावी आणि खेळाडूंच्या बाजू बदलाव्यात, कारण कापड एका अंगाला सैल झाले की त्या बाजूचा भोवरा विनाकारण हरू लागतो.